दारावरचा पंचा

आमच्या हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या दारात लाल काठाचा पंचा लोंबत असला की आत बायका. नसला की पुरुष. बिझर्त बंदराच्या जुन्या वस्तीत हे मांजरांनाही ठाऊक आहे. मासेवाला, गॅसवाला, पोस्टमन, सगळे लांबूनच लाल काठ बघतात आणि मान खाली घालून पलीकडच्या भिंतीला लागून जातात. शंभरावर वर्षांत या पंच्याने एकदाही चुकीची माहिती दिलेली नाही. माझ्या ओळखीच्या एकाही वर्तमानपत्राबद्दल मला हे म्हणता येणार नाही.

'आमच्या हमाम' म्हणताना मी जरा सढळ होतोय. हमाम माझ्या सासऱ्यांचा. ते गेले तेव्हा कायद्याप्रमाणे दोन वाटे मुलाला आणि एक मुलीला. मुलगा शाद्ली. मुलगी बेया, म्हणजे माझी बायको. मी सरकारी शाळेत वरच्या वर्गांना तत्त्वज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे वाटा नाही, मतं भरपूर आहेत.

बेया बावीस वर्षं बायकांची वेळ सांभाळते. दुपारी साडेबारा ते साडेपाच. त्याच्या आधी आणि नंतर पुरुष, ती बाजू शाद्लीची. पुरुष हल्ली घरीच नळाखाली उभे राहतात. बायका मात्र येतात. अंग चोळून घ्यायला येतात, सुनांबद्दल बोलायला येतात, मुलासाठी मुलगी बघायला येतात, कारण हमामात कुठल्याच मुलीला काही लपवता येत नाही. भट्टी पेटते ती बायकांच्या जिवावर. शाद्लीला हे माहीत आहे, म्हणूनच तो हे कधी बोलत नाही.

नोव्हेंबरात समुद्राकडच्या रस्त्यावर नवा हमाम उघडला. बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळी दारं, चकचकीत टाइल्स, आणि वेबसाइट. दारं आणि टाइल्स शाद्लीने सोसल्या. वेबसाइट त्याच्या घशात अडकली.

"तो माणूस परवापर्यंत चौकात अंड्याचे ब्रीक तळत होता," तो म्हणाला. "त्याची वेबसाइट, आणि आमची नाही."

मग एका शुक्रवारी तो नौफल नावाच्या माणसाला घेऊन जेवायला आला. जेवायला आमच्याकडे, म्हणजे बेयाने रांधलेलं. नौफल वेबसाइट करून देतो. तिशीचा, कोरलेली दाढी, दोन फोन, आणि दोन्ही फोन जेवताना ताटाच्या दोन बाजूंना काट्या-चमच्यांसारखे मांडलेले. कुसकुस संपल्यावर त्याने फ्रेंचमध्ये समजावायला सुरुवात केली.

"बाबा रे, आपल्या भाषेत सांग," शाद्ली म्हणाला. "फ्रेंचमध्ये मला फक्त विजेचं बिल कळतं."

नौफलने भाषांतर केलं. घात झाला तो तिथेच.

म्हणाला, वेबसाइट दोन प्रकारची. एक 'साबित', म्हणजे स्थिर. दुसरी 'मुतहर्रिक', म्हणजे हलती. शब्दकोशात दोन्ही बरोबर आहेत. पण आमच्याकडे साबित म्हणजे नुसतं न हलणारं नव्हे. साबित म्हणजे ज्याचा शब्द फिरत नाही तो माणूस. चौकीत मार खाऊन ज्याने मित्राचं नाव सांगितलं नाही तो साबित. मयताला पुरल्यावर कबरीपाशी उभं राहून आम्ही हेच मागतो, की देवा, देवदूतांच्या सवालजवाबाच्या वेळी याला साबित ठेव. आणि मुतहर्रिक म्हणजे, जो हलतो तो. आमच्या गल्लीत हलणाऱ्या माणसाला कोणी मुलगी देत नाही.

शाद्लीने पाठ ताठ केली. "म्हणजे साबितवर एकदा लिहिलेलं बदलत नाही?"

"नाही, सी शाद्ली," नौफल अदबीने म्हणाला. "छापील पुस्तकासारखं. पटकन उघडतं, मोडत नाही, बाहेरच्याला आत शिरून बिघडवता येत नाही. स्वस्तही पडतं."

"आणि ती हलती?"

"तिच्या मागे माहितीचं एक कोठार असतं. तुम्ही फोनवरून कोठारात बदल करायचा, की पान आपोआप बदलतं. पण तिची निगा राखावी लागते. कुलपं बदलत राहावी लागतात. नाही राखली तर आजारी पडते."

"आमचा हमाम फ्रेंच येण्याआधीचा आहे," शाद्ली म्हणाला. "फ्रेंच आले, गेले, आम्ही आहोत तिथेच आहोत. आम्ही साबित लोक. आजारी पडणारी आम्हाला नको."

बेया चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रे खाली न ठेवताच तिने विचारलं, "रमजानात आपली वेळ बदलते. दिवसा बायका, रोजा सुटल्यावर पुरुष. तेव्हा ते पान कोण बदलणार?"

नौफलने शाद्लीकडे बघितलं. शाद्लीने माझ्याकडे बघितलं. मी चहातल्या चिलगोज्यांकडे बघितलं.

"बघू," शाद्ली म्हणाला. "तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा म्हणजे चौदा आठवड्यांनी. तारीख काही आभाळातून पडत नाही."

"पडतेच की. चंद्र बघावा लागतो," शाद्ली म्हणाला, आणि हसला. नौफल हसला. मीही थोडा हसलो. हे लिहून ठेवतोय, कारण बेयाने ते लक्षात ठेवलं आहे.

"सी मुख्तार, तुम्ही शिकलेले," शाद्ली मला म्हणाला. "तुमचं मत काय?"

शब्दाची एक छटा घेऊन तासभर बोलण्याचा मी पगार घेतो. वेबसाइट म्हणजे कबर नव्हे, तिला साबित राहण्याची गरज नाही, एवढं एक वाक्य मला पुरलं असतं. मी म्हणालो, "शब्द चांगला आहे." आणि खजुराचा मकरूद उचलला.

बेयाने ट्रे ठेवला. जरा जोरात ठेवला, पण चहा सांडला नाही. तिचा राग असाच असतो. भांडी फुटत नाहीत, त्यामुळे पाहुण्यांना पत्ता लागत नाही.

डिसेंबरात नौफल फोटो काढायला आला. दुपारची वेळ होती, आत बायका होत्या, दारात पंचा होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला.

"हे फडकं काढता येईल का? धुणं वाळत घातल्यासारखं दिसतंय."

शाद्लीने पंचा काढला. मी तिथे नव्हतो, पण अंग चोळणारी मबरूका होती. साठी ओलांडलेली, हात खलाशासारखे, आवाज त्याहून मोठा. ती म्हणते की शाद्लीने पंचा काढला, चुरगळून काखेत मारला, आणि फोटो झाल्यावर परत लावला नाही. त्या जागी त्याने एक पांढरी पाटी ठोकली. पाटीवर हमामचं नाव आणि काळ्या ठिपक्यांचा चौकोन. फोन काढा, ठिपक्यांसमोर धरा, वेबसाइट उघडेल, कोणाची वेळ आहे ते कळेल.

"हे मुंग्यांचं वारूळ कोणी चिकटवलं?" मबरूकाने विचारलं.

"खाला, याला विचारलं की हे सांगतं, आत कोण आहे."

"आत मी आहे. माझा आवाज बंदरापर्यंत जातो. त्यासाठी मुंग्या कशाला?"

बेयाने पंचा परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाद्लीने काढला. तिने लावला, त्याने काढला. आठवडाभर हे चाललं. मग एके दिवशी पंचा सापडेना. शाद्लीने तो भट्टीवाल्याला हात पुसायला दिला होता. बावीस वर्षं दर रमजानच्या आधी बेया स्वतः जाऊन नवा पंचा निवडते, लाल काठ बघून, सूत बोटांनी चाचपून. तो काळा होऊन भट्टीपाशी पडलेला तिला दिसला. तिने तो उचलला, घरी आणला, धुतला, वाळवला, घडी करून कपाटात ठेवला. त्या रात्री मी दोनदा पाणी मागितलं आणि दोनदा स्वतःच उठलो.

तरीही दोन महिने काही बिघडलं नाही, कारण वेबसाइटवर तीच वेळ होती जी सगळ्यांना पाठ होती. शाद्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत फिरला, बघा, साबित.

रमजानला पंधरा दिवस उरले तेव्हा बेया त्याला म्हणाली, "वेळ बदलून घे." दहा दिवस उरले तेव्हा परत म्हणाली. पाच दिवस उरले तेव्हा शाद्लीने नौफलला तिच्यासमोरच फोन लावला. नौफल म्हणाला, "इन्शाल्ला." बेया म्हणाली, "झालं. आता होत नाही."

झालं नाही. वेबसाइट नौफलने लिहिलीच नव्हती. त्याच्या एका मित्राने लिहिली होती, आणि तो मित्र जानेवारीत कॅनडाला गेला. स्थिर पान बदलायचं तर ज्याने लिहिलं त्याने किंवा ते काम येणाऱ्या दुसऱ्याने आत हात घालावा लागतो. नौफलला फोटो काढता येत होते आणि जेवता येत होतं. हे त्याने सांगितलं नाही. तो फोन उचलायचा बंद झाला.

पहिल्या रोज्याच्या सकाळी बेयाने कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रमजान: नऊ ते चार बायका. रोजा सुटल्यावर पुरुष.' आणि ठिपक्यांवर चिकटवलं. संध्याकाळी शाद्लीने कागद काढला. का, तर डिंकाने पाटीवर डाग पडत होते.

"डाग," बेया मला म्हणाली. 'डाग' एवढंच.

चोविसाव्या रोज्याला, सकाळी अकरा वाजता, ते घडलं.

ईदच्या आधीचे दिवस, हमाम भरलेला. बेया दारापाशी गल्ल्यावर बसलेली, चुकून आलेल्या पुरुषाला परत पाठवायला. आतल्या गरम खोलीत एका म्हातारीला भोवळ आली. उपाशी पोट, वाफ, वय. मबरूकाने हाक मारली, बेया धावली. दारापाशी कोणी उरलं नाही. पंचाही नाही.

त्याच वेळी एक दंतवैद्य आला. फ्रान्सात ल्योंला राहतो, ईदसाठी आईकडे आला होता. त्या माणसाबद्दल मला काही वाईट लिहिता येत नाही, हीच खरी चीड आणणारी गोष्ट आहे. त्याने घरून निघताना वेबसाइट बघितली होती. आपल्याच गावात इतक्या वर्षांनी चूक नको, म्हणून दारापाशी थांबून ठिपक्यांसमोर परत फोन धरला होता. पान लगेच उघडलं. पुरुष, सकाळी सहा ते बारा. लहानपणी इथे पंचा असायचा हेही त्याला आठवत होतं. पंचा नव्हता. म्हणजे दोन्ही साक्षी जुळल्या. एवढी खबरदारी घेऊन चुकीच्या दारात शिरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आमच्याकडे दारातून आत शिरल्यावर बोळ दोनदा वळतो, बाहेरून काही दिसू नये म्हणून. आतूनही बाहेरचं दिसत नाही. तो दोन्ही वळणं घेऊन बसायच्या दालनात आला. तिथे अकरा बायका होत्या.

किंकाळ्या ऐकून धावत आलेल्या मबरूकाने पायातली लाकडी खडाव काढून मारली. नेम लागला. त्या बिचाऱ्याने, स्वतःचा निर्दोषपणा सिद्ध करायला, जे नको होतं नेमकं तेच केलं. फोन वर धरला. "बघा, वेबसाइटवर लिहिलंय, बघा." उघड्या बायकांच्या दालनात एक परका पुरुष फोन उंच धरून उभा. त्याला वाटलं तो पुरावा दाखवतोय. बायकांना जे वाटलं ते कोणालाही वाटलं असतं.

कोणीतरी फोन हिसकावून बादलीत बुडवला. त्यामुळे आत काही फोटो होते की नव्हते हे आता खुदालाच माहीत, आणि गावाचं त्याच्यापेक्षा वेगळं मत आहे. दुपारपर्यंत गावाच्या बोलण्यात आत शिरलेले पुरुष दोन झाले होते. रोजा सुटेपर्यंत चार. नमाजानंतर मी मशिदीतून बाहेर पडलो तेव्हा कोणीतरी टीव्हीवाल्यांचा उल्लेख करत होतं.

शाद्ली धावत आला. बायका तोवर चादरींत गुंडाळून बोळात उभ्या होत्या, काही रडत होत्या, बहुतेक शिव्या देत होत्या. गल्लीत दंतवैद्य कपाळाला रुमाल लावून बसला होता. शाद्ली सरळ त्याच्याकडे गेला. "माफ करा, डॉक्टरसाहेब, फार वाईट झालं, लागलं का?" ल्योंचा माणूस होता. वेबसाइट बघून आलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक होतं.

बेया दारात उभी राहून बघत होती. तिच्या मागे अकरा बायका होत्या. शाद्लीने पहिली माफी दंतवैद्याची मागितली. दुसरी मागितलीच नाही. बायकांकडे वळून म्हणाला, "कांगावा करू नका, काही झालेलं नाही."

त्याच संध्याकाळी त्या अकरातल्या वसीलाचा निरोप आला. वसीलाची मुलगी ईदनंतर लग्नाची होती. नवरीचं न्हाणं आमच्याकडे ठरलेलं, पन्नास बायका, मेणबत्त्या, दफवाल्या, सगळं. वसीलाने कळवलं, आमचं ते समुद्राकडच्या हमामात ठरलंय. तिथे दारं दोन आहेत.

दुसऱ्या दिवशी सात बायका आल्या. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी मबरूका आणि बेया दोघीच दालनात बसून होत्या, आणि खाली भट्टी कोणासाठी तरी जळत होती. बायका एकदा दुसरीकडे गेल्या की परत येत नाहीत. तिथे मैत्रिणी होतात, अंग चोळणारीचा हात सवयीचा होतो. बावीस वर्षांचं काम पाच दिवसांत दाराबाहेर चाललं होतं, आणि बेयाला ते चालताना ऐकू येत होतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी शाद्ली आमच्याकडे आला. बरोबर नौफल. याचे दोन्ही फोन आता पुन्हा लागत होते.

"सी शाद्लीला मी तेव्हाच सांगत होतो, हलती घ्या," नौफल म्हणाला, आणि ईदच्या थाळीतला काक, म्हणजे गोड कडं, उचलला.

"तू असं सांगत नव्हतास," मी म्हणालो.

"अर्थ तोच होता."

"झालं गेलं," शाद्ली म्हणाला. "आता मुतहर्रिकच घेऊ. मी ठरवलंय. चावीचा शब्द माझ्याकडे राहील, मी फोनवरून वेळ बदलत जाईन. रमजान असो, काही असो."

बेया समोरच्या खुर्चीत बसली. या वेळी ट्रे आणलेला नव्हता.

"नोव्हेंबरात मी एक प्रश्न विचारला होता," ती म्हणाली. "रमजानात पान कोण बदलणार. रमजान संपला. उत्तर आलेलं नाही."

"आता सांगितलं ना. मी."

"तू कागद काढलास."

"डाग पडत होते, बेया."

"तू पंचा भट्टीवाल्याला हात पुसायला दिलास. तो पंचा तुझ्या वेबसाइटच्या आधीपासून हलतो. साडेबाराला चढतो, साडेपाचला उतरतो, रमजानात नऊला चढतो. त्याला कॅनडाला जाणारा मित्र लागत नाही. तो हलायचा म्हणून लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे. तुला वाटलं, जे हलतं ते खोटं."

"मी तसं कधी म्हणालो?"

"तू नाही म्हणालास. तू हसलास. चंद्र बघावा लागतो, म्हणालास." मग माझ्याकडे न बघता, "हेही हसले."

काकचा घास नौफलच्या घशात अडकला. त्याला पाणी कोणी दिलं नाही.

"ऐक," बेया म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि मी खुर्चीत सरळ झालो. "समुद्राकडच्याने मला निरोप पाठवलाय. मबरूकाला घेऊन ये, बायकांची वेळ तू सांभाळ, म्हणून. काल मी वसीलाकडे गेले होते. ती म्हणाली, तू जिथे दारात बसशील तिथे माझी मुलगी न्हाईल. पण जुन्या हमामात बसणार असशील तर दोन अटी. दारावर पंचा हवा. आणि तो तुझ्या भावाने स्वतःच्या हाताने लावायला हवा, अकराजणींच्या समोर. ज्या हाताने काढला त्या हाताने."

"मी? बायकांसमोर? गल्लीत?"

"फोटोसाठी काढलास तेव्हा गल्लीच होती."

"मी दोन वाट्यांचा मालक आहे."

"दोन्ही वाटे घे. माझाही घे. तीन वाट्यांची भट्टी पेटव आणि बघ आत कोण बसतं."

शाद्ली माझ्याकडे वळला. बुडत्या माणसाला हाती लागेल ते लाकूड चालतं, शिकलेलंही. "सी मुख्तार, तुम्ही सांगा हिला. तुमचं मत काय?"

"बेया म्हणते तेच," मी म्हणालो.

"चार महिन्यांनी," बेया म्हणाली. तेही माझ्याकडे न बघता.

मग शाद्लीने विचारलं, "आणि वेबसाइट?"

बेया नौफलकडे वळली. "जे कधीच बदलत नाही तेवढंच पानावर ठेवायचं असेल, तर कुठली लागते?"

"तेवढ्याला साबित पुरते, लल्ला," नौफल म्हणाला, मोठ्या घरच्या बाईला म्हणतात तसं.

"मग साबितच ठेव. नाव ठेव. गल्ली ठेव. पाणी गरम असतं ते ठेव. वेळ काढून टाक. वेळ माझ्याकडे राहील. खाली माझा नंबर घाल आणि लिही, 'वेळेसाठी फोन करा, नाहीतर दारावरचा पंचा बघा.' हे तुला येतं, की त्यासाठीही कोणाला कॅनडाहून बोलवायचं?"

"करतो. इन्शा…"

"तो शब्द नको. वार सांग."

"गुरुवार," नौफल म्हणाला.

बुधवारी दुपारी साडेबाराला शाद्लीने पंचा लावला. नवा नव्हे, तोच भट्टीतला, धुऊनही काळसर राहिलेला. बेयाने मुद्दाम तोच दिला. अकरापैकी नऊजणी आल्या होत्या, वसीला पुढे, आणि मबरूका खडाव पायात घालून, म्हणजे गरज पडली तर हाताशी. शाद्लीने खिळा चाचपला, पंचा अडकवला. एक टोक वाकडं राहिलं. कोणी जागचं हललं नाही, तेव्हा त्याने ते सरळ केलं.

"माफ करा," तो पंच्याला म्हणाला.

"ऐकू नाही आलं," मबरूका म्हणाली. "माझा आवाज बंदरापर्यंत जातो, तुझा मला तरी येऊ दे."

तो वळून म्हणाला. मग बायका आत गेल्या.

नवरीचं न्हाणं शनिवारी झालं. नौफल त्याच दुपारी फोटो काढायला आला. गुरुवार हुकला होता, पण माणूस आला, हे आमच्याकडे थोडं नव्हे. आतून दफ ऐकू येत होते, मधूनच बायकांचे उलूलूचे सूर उठत होते. बेया दारात गल्ल्यावर बसलेली, पाय रोवून. नौफल गल्लीत, दोन्ही डोळे कॅमेऱ्यामागे लपवून. शाद्ली त्याच्या शेजारी, मी दोघांच्या मागे.

"लल्ला, पंचा जरा बाजूला घेता का? मागचं नाव झाकलं जातंय."

"पंचा हलणार नाही," बेया म्हणाली. "तो साबित आहे."

नौफलने फोटो काढला. मग त्याच्या लक्षात आलं. "पण मग वेबसाइटवर दारात कायमच पंचा दिसेल. रात्रीही. बघणाऱ्या पुरुषाला वाटेल, आत बायकाच आहेत."

"वाटू दे. घाबरून फोन करतील. फोन माझ्याकडे आहे."

"हे बरोबर नाही," शाद्ली म्हणाला. "माझी गिऱ्हाइकं…"

आत दफ एकदम वाढले, त्याचं पुढचं ऐकू आलं नाही. बेयाने ऐकायचा प्रयत्नही केला नाही.

नौफल गेला. शाद्ली उभाच होता. त्याचा चष्मा गल्ल्याच्या खणात राहिला होता, सकाळी पुरुषांच्या वेळी विसरलेला. बेयाला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्याने दोनदा दाराकडे बघितलं, लाल काठाकडे बघितलं, आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. तेव्हा तीन वाजले होते. साडेपाचपर्यंत तो तिथेच होता.